सहा इंचांची वाट

गोळीबारावरून आमच्या टेबलावर सहसा भांडण होत नाही. फासा पडतो, तीन आले तर लागली, दोन आले तर हुकली, विषय संपला. अख्खी तुकडी कापली गेली तरी समोरचा हसत हसत आपली माणसं उचलतो आणि खोक्यात भरतो. भांडण होतं ते चालण्यावरून. बोटभर उंचीचा एक प्लास्टिकचा शिपाई इथून तिथं गेला, एवढीच घटना. पण तो पोचला का? कोणत्या वाटेनं पोचला? कोपऱ्यावर वळताना त्याचा पाय भिंतीत गेला होता का? सांगलीत विश्रामबागेतल्या एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही, म्हणजे एक वकील, संस्कृत शिकवणारे एक सर, वालचंद कॉलेजात शिकणारा एक पोरगा आणि लोकांचे हिशेब बघणारा मी, या प्रश्नांवर चहा गार करत बसतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. याला मिनिएचरचे खेळ म्हणतात. आम्ही बहुतेक वेळा खेळतो तो ‘वॉरहॅमर ४०,०००’. इंग्लंडमध्ये १९८७ साली सुरू झाला, आमच्याकडं चालते ती त्याची दहावी आवृत्ती, २०२३ सालची. सैनिक सुट्या भागांत मिळतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. प्रत्येकाच्या पायाखाली एक चकती असते, तिला बेस म्हणतात. टेबल साठ बाय चव्वेचाळीस इंचांचं. त्यावर पडक्या इमारती, पिंपं, अर्धवट भिंती. पटावर घरं नाहीत, रेघा नाहीत, काही नाही. पायदळातल्या बऱ्याच जणांच्या नावापुढं सहा इंच असं लिहिलेलं असतं. टेप घ्यायची, मोजायचं, सरकवायचं. लहान पोराला कळेल इतकं सोपं, असं पहिल्या दिवशी वाटतं.

अंतरं इंचांत मोजायची आणि बेस मात्र मिलिमीटरमध्ये विकायचे, हा त्या इंग्रजांचा आणखी एक विनोद. (आपल्याकडं रान गुंठ्यांत, फ्लॅट चौरस फुटांत आणि समोरचा रस्ता मीटरमध्ये असतो, तेव्हा आपण नावं न ठेवलेली बरी.) बत्तीस मिलिमीटरचा बेस म्हणजे साधारण सव्वा इंच. आता टेप शिपायाच्या पुढच्या कडेला लावली, सहा इंच मोजले, आणि उचलून ठेवताना त्याची मागची कड सहाच्या आकड्याला टेकवली, तर गडी सहा नव्हे, सव्वासात इंच चालला. नवीन माणसं हे नकळत करतात. जुनी माणसंही करतात. त्यातलं नकळत किती ते ज्याचं त्याला ठाऊक. पाच वेळा चालायचं असलेल्या डावात हा सव्वा इंच दर वेळी मिळाला तर सहा इंचांहून जास्त होतात, म्हणजे अख्खी एक चाल फुकट.

म्हणून नियमात लिहिलंय की बेसचा कोणताही भाग ठरलेल्या अंतरापेक्षा जास्त सरकता कामा नये. वाक्य चोख आहे. गोल बेसला ते पुरतंही. पण गाड्यांना बेस नसतो. सहा इंच लांब आणि चार इंच रुंद असा एक रणगाडा घ्या. तो शत्रूकडं कूस करून उभा आहे. त्याच्या मध्यापासून शत्रूकडची कड दोन इंचांवर. त्याला जागच्या जागी फिरवून तोंड समोर केलं की शत्रूकडं येते ती पुढची कड, आणि ती मध्यापासून तीन इंचांवर. एक इंच पुढं आला, आणि चालला म्हणाल तर मध्य हललेलाच नाही! मग फिरताना त्याचा कोपरा किती सरकला ते कमानीवरून मोजायचं का? मोजणार कशानं, कंपासपेटीनं? लोकांनी मुद्दाम गाड्या आडव्या उभ्या करायला सुरुवात केली. शेवटी खेळ करणाऱ्यांनी हात टेकले आणि पुढच्या दुरुस्तीत सरळ ठरवून टाकलं की वळायचं असेल तर वळण्याची ठराविक किंमत अंतरातून वजा करा, मग किती अंशात वळायचं ते वळा. भूमितीच्या दृष्टीनं हे खोटं आहे. टेबलाच्या दृष्टीनं मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

भिंतींचं तर आणखी मजेशीर. दहाव्या आवृत्तीत पायदळ पडक्या इमारतींच्या भिंतींतून आरपार जाऊ शकतं. भिंत नाहीच असं समजून चालायचं. गाडीला मात्र ती मुभा नाही, मोटरसायकलवाल्यालाही नाही. पोरगा एकदा वैतागून म्हणाला, “माणूस भिंतीतनं जातोय आणि बुलेट अडकतीया, हे कुठलं लॉजिक ओ?” लॉजिक असं की तिथं कुठंतरी दार आहे, खिडकी आहे, भगदाड आहे; ते प्रत्येक वेळी प्लास्टिकमध्ये दाखवायला कुणाला सवड नाही, म्हणून सरसकट परवानगी. पण एक अट आहे: चाल संपताना शिपाई भिंतीत उभा राहता कामा नये. आता हिशेब करा. भिंतीची जाडी पाच मिलिमीटर, बेस बत्तीस. अलीकडून भिंतीला टेकून उभ्या असलेल्याला पलीकडं पूर्ण जायला सदतीस मिलिमीटर लागतात, म्हणजे जवळजवळ दीड इंच. एकच इंच उरला असेल तर तो जाऊ शकत नाही. नियमात सदतीस हा आकडा कुठंच नाही. तो भिंतीच्या जाडीतून आला, आणि भिंत आम्ही घरी फोमशीटची केलेली होती. जाड पुठ्ठ्याची केली असती तर आकडा बदलला असता.

इथं मला तात्यांना आणावं लागतं. तात्या म्हणजे वकिलांचे सासरे. सांगलीत बुद्धिबळाचा वारा न लागता मोठं होणं अवघड, आणि तात्यांच्या पिढीला तर तो वारा भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचा लागलेला. राष्ट्रीय महिला विजेतेपद पाच वेळा मिळवणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे ही नावं ते घरातल्या मुलींसारखी घेतात. ते पहिल्यांदा गच्चीवर आले, आम्ही दोघं टेबलावर ओणवे होऊन टेप लावतोय हे पाहिलं आणि म्हणाले,

“जावईबापू, शिंप्याचं दुकान टाकलं व्हय?”

मग खुर्ची ओढून तासभर बसले. शेवटी म्हणाले, “आमच्या घोड्याला टेप लागत न्हाई.”

ते टोमणा मारत होते, पण त्या वाक्यानं माझ्या डोक्यातला एक गुंता सुटला. बुद्धिबळात मोहरं घरात वाकडं उभं असलं, निम्मं शेजारच्या घरात झुकलेलं असलं, तरी ते कुठं आहे याबद्दल शंका नसते. फार तर ‘नीट करतो’ असं म्हणून तुम्ही ते मधोमध ठेवता. लाकडाचा तुकडा हा त्या मोहऱ्याची निव्वळ आठवण असतो. म्हणून तर लोक पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळत आले, डोळे बांधून एकाच वेळी अनेकांशी खेळत आले. पट हरवला तरी डाव हरवत नाही. आमच्या खेळात उलटं आहे. शिपाई कुठं आहे याचं उत्तर एकच, तो जिथं आहे तिथं. कोपर लागून दोन मिलिमीटर सरकला तर तो खरोखरच सरकला, आणि कदाचित त्या दोन मिलिमीटरमुळं तोफेला दिसायला लागला. हा डाव पोस्टकार्डावर मावत नाही. गोळीबार, जखमा, चिलखत हे सगळं आकड्यांचं काम, त्यामुळं तिथं वाद होत नाही. चालणं हा एकच भाग असा की जिथं कागदावरच्या नियमाला खऱ्या जगात पाय टेकावा लागतो. आणि खऱ्या जगात टेपला जाडी असते, बोटं जाड असतात, टेबल गच्चीच्या उताराकडं किंचित कललेलं असतं.

हे कळल्यावर वादांचे दोन ढीग करता आले. काही वाद कागदावरचे: नियमाचा अर्थ काय. काही टेबलावरचे: अर्थ माहीत आहे, पण घडलं काय. आम्ही कित्येक महिने दुसऱ्या ढिगातले वाद पहिल्या ढिगाच्या औषधानं बरे करायला बघत होतो. पुस्तक उघडून परिच्छेद वाचायचा आणि शिपाई तिथंच लटपटत उभा.

घरं आखली की टेबलावरचे वाद संपतात हे खरं. पण त्याची किंमत असते. चौकोनी घरांत तिरकं अंतर खोटं होतं. खरं म्हणजे चौकोनाचा कर्ण बाजूच्या सुमारे १.४१ पट. राजा मात्र तिरका गेला काय आणि सरळ गेला काय, एक घर ते एकच घर. याच खोटेपणातून रिचर्ड रेटी या बुद्धिबळपटूनं १९२१ साली एक कोडं रचलं, ते तात्यांनी आमच्या टेबलावरच्या रिकाम्या जागेत मांडून दाखवलं. पांढरा राजा एका कोपऱ्यात, त्याचं प्यादं लांब दुसऱ्या बाजूला. काळ्याचं प्यादं वजीर व्हायला सुटलेलं आणि पांढरा राजा त्याच्या दोन घरं मागं. पळत गाठणं अशक्य. पण राजा कर्णावरून उतरतो, आणि तिरक्या वाटेनं तो एकाच वेळी काळ्याच्या प्याद्याच्याही जवळ येतो आणि स्वतःच्याही. काळ्यानं एक थोपवावं तर दुसरं निसटतं. डाव बरोबरीत. शाळेतल्या भूमितीत असं होऊच शकत नाही. आम्ही टेपवाले लोक ते बघून काही वेळ गप्प झालो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावरचाच दुसरा एक खेळ. त्याच्यावाल्यांनी हाच प्रश्न दोन प्रकारे सोडवला. तिसऱ्या आवृत्तीत पहिलं तिरकं घर एक, दुसरं दोन, पुन्हा एक, पुन्हा दोन असं मोजायचं. सरासरी दीड, खऱ्याच्या बऱ्यापैकी जवळ. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत म्हणाले, जाऊ दे, तिरकंही एकच. पोरट्यांना मोजता मोजता झोप येत असणार.

ही ओढाताण जुनी आहे. जर्मनीत ब्राउनश्वाइगला हेलविग नावाच्या माणसानं १७८० साली बुद्धिबळाला ताणून युद्धाचा खेळ केला, घरांना डोंगर, पाणी असे रंग दिले. १८१२ मध्ये प्रशियाच्या राजापुढं थोरल्या राइसविट्झनं घरं पुसून टाकलेलं, उंचसखल जमीन असलेलं टेबल मांडलं. त्याचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. १८२४ मध्ये त्यानं ते १:८००० प्रमाणाच्या नकाशावर आणलं. एक चाल म्हणजे दोन मिनिटं, आणि दोन मिनिटांत पायदळ किती, घोडदळ किती जाईल याचे तक्ते. मध्ये एक पंच बसवला. पुढं नियम इतके माजले की अधिकाऱ्यांना खेळ नकोसा झाला. १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा नावाच्या सेनाधिकाऱ्यानं सांगितलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल ते खरं. म्हणजे शंभर वर्षांत घरं गेली, मोजपट्टी आली, मोजपट्टीचा कंटाळा आला आणि सगळे माणसाच्या शब्दावर परत आले. आणि १९१३ मध्ये एच. जी. वेल्सनं दिवाणखान्यातल्या शिशाच्या शिपायांसाठी नियम छापले, त्यात पुन्हा मोजमाप: पायदळाला एक फूट, घोडदळाला दोन फूट, आणि मोजायला दोऱ्याचे तुकडे. दोरा ताणला की वाढतो, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

कागदावरच्या वादांसाठी आमच्या सरांनी एक युक्ती काढली, तिचा मला अजून अभिमान वाटतो. वाद कसला होता, तर एका सैनिकाकडं ‘फ्लाय’ असं कौशल्य लिहिलेलं होतं आणि पोरगा म्हणत होता की तो कशावरूनही, कसाही जाणार, अहो नावच फ्लाय आहे! सर म्हणाले, थांब. मीमांसा म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावायचं शास्त्र, त्यात जैमिनीनं सहा प्रमाणं सांगितलीत: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. दोन प्रमाणं भांडली तर यादीत आधी आलेलं जिंकतं. स्पष्ट शब्द सगळ्यांत बलवान, आणि नुसत्या नावावरून काढलेला अर्थ, म्हणजे समाख्या, सगळ्यांत दुबळी. तुझा सगळा दावा समाख्येवर उभा आहे. कौशल्याखाली काय लिहिलंय ते वाच. लिहिलं होतं ते इतकंच की तो इतर मोहऱ्यांवरून जाऊ शकतो आणि चढण-उतरणीचं अंतर जमिनीवरून न मोजता हवेतून तिरकं मोजायचं. दुसऱ्याच्या डोक्यावर उतरायची परवानगी नव्हती. पोरगा बसला.

वाईला प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी सात खंडांचा मीमांसाकोश केला. सातारा जिल्ह्यातल्या त्या घाटावर बसून यज्ञातल्या कोणत्या समिधेचा नियम कुठं लागू होतो याची चर्चा ज्यांनी केली, त्यांना आमचा हा उपयोग पाहून काय वाटलं असतं कोण जाणे. मला वाटतं त्यांनी आधी पुस्तक मागवून घेतलं असतं. कारण रचना तीच आहे. सर्वसाधारण नियम एक, आणि एखाद्या मोहऱ्याच्या कार्डावर त्याला छेद देणारा दुसरा. तेव्हा कार्ड जिंकतं. उत्सर्गाला अपवाद बाधतो, हे व्याकरण शिकणारा पहिल्या वर्षी घोकतो. दोन सारख्याच ताकदीचे नियम भिडले तर पाणिनी म्हणतो ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’, नंतरचा लागू करा. आमच्याकडं कंपनीची नवी दुरुस्ती आली की जुनी मोडीत, ते याच न्यायानं. वकील मात्र कुरकुरतात. त्यांचं म्हणणं, हे सगळं आम्ही कोर्टात रोज करतो, त्याला जैमिनी कशाला हवा. सर म्हणतात, तुम्ही फी घेता, जैमिनी घेत नाही.

पण शिपाई भिंतीआड आहे की नाही याला श्रुती उपयोगी पडत नाही. टेबलावरच्या वादाचं औषध वेगळं निघालं: चाल करायच्या आधी ती बोलायची. “याला मी या खांबाआड ठेवतोय, तुझ्या तोफेला दिसू नये म्हणून. दिसतोय का बघ.” समोरचा खाली वाकून तोफेच्या डोळ्यानं बघतो. “न्हाई दिसत.” झालं. आता पंख्याच्या वाऱ्यानं, शर्टाच्या बाहीनं तो दोन मिलिमीटर सरकला तरी डावाच्या दृष्टीनं तो खांबाआडच आहे. त्याची जागा ठरवली ती दोघांच्या बोलण्यानं. प्लास्टिक तिथं फक्त हजेरी लावतं. म्हणजे बुद्धिबळातलं घर आम्ही शब्दांनी आखलं, तेवढ्या एका चालीपुरतं.

खेळाच्या जुन्या पुस्तकांना हे माहीत होतं. डगमगणाऱ्या मोहऱ्यांसाठी त्यात एक वेगळी नोंदच असायची: ढिगाऱ्याच्या टोकावर शिपाई उभा राहत नसेल, पडून रंग उडायची भीती असेल, तर दोघांनी त्याची खरी जागा कोणती ते ठरवावं आणि त्याला सुरक्षित जागी ठेवून खेळ चालू ठेवावा. एवढं मोठं जाडजूड पुस्तक, पण ढिगाऱ्यावर चढल्यावर तेही दोन माणसांच्या संमतीवर सोडून देतं. आणि तरीही जमलं नाही तर २०१७ च्या आवृत्तीत सरळ सांगितलंय की दोघांनी एकेक फासा टाका, ज्याचा मोठा तो म्हणेल ते. आम्ही हा उपाय फारसा वापरत नाही. वकिलांना फाशांवर निकाल लावणं पटत नाही, आणि पोराचा फासा नेहमी मोठा पडतो.

बोलून चालायच्या या रीतीवर वकिलांचा आक्षेप होता आणि तो मला उडवून लावता आला नाही. ते म्हणाले, “हेतू सांगणं फुकट आहे हो. अमुक इतक्या अंतरावर ठेवतोय, तुझ्या पल्ल्याच्या एक केस बाहेर, असं म्हटलं की झालं? मग नजर कशाला, हात कशाला?” या खेळात २०१२ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत आधी मोजायची परवानगीच नव्हती. आधी घोषणा करायची की हल्ला करतो, मग टेप लावायची, आणि अर्धा इंच कमी पडला तर माणूस उघड्यावर. त्यामुळं जुन्या खेळाडूंची नजर अशी तयार झालेली असते की टेबलाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेचं अंतर ते अर्ध्या इंचात सांगतात. बसस्टँडवर पोतं उचलून वजन सांगणारे हमाल असतात ना, तसं. आधी मोजायची मुभा मिळाली आणि ती कला गेली. हेतू बोलायची रीत आली आणि उरलेली गेली. मला त्या कलेबद्दल हळहळ वाटते, पण तिच्यासाठी भांडणं परत आणायला मी तयार नाही.

आम्ही एवढीच अट घातली की जे बोलतोय ते शक्य असलं पाहिजे. खांबाआड जागाच नसेल तर ‘माझा हेतू होता’ चालणार नाही. दाखवून द्यावं लागेल, बेस तिथं मावतो म्हणून. यावर वकील गप्प झाले. पुरावा मागायची सोय झाल्यामुळं असेल.

पोरगा पुण्याला एका स्पर्धेत खेळून आला तेव्हा त्यानं सांगितलं की तिथंही लोक असंच बोलून चालतात, पण घड्याळ लावलेलं असतं. बोलायला वेळ जातो आणि तो तुमचाच वेळ. त्यामुळं जो तो बोलणं आखडतं घेतो, आणि मग तिसऱ्या तासाला पंच बोलवावा लागतो. पंच येतो, त्याला आधीचं काहीच माहीत नसतं, तो फक्त आत्ता टेबलावर जे आहे ते बघतो. साहजिकच तो टेपचा माणूस. स्पर्धेत तसंच असायला हवं असं माझं मत आहे. अनोळखी माणसाच्या हेतूवर विश्वास ठेवायला आधी त्याच्याबरोबर चार कप चहा व्हावे लागतात.

तात्यांचे वडील देशी पद्धतीनं बुद्धिबळ खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. राजाला एकदाच, तेही अजून शह बसला नसेल तर, घोड्यासारखी उडी. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचलं ते मोहरं व्हायचं. आणि यातही गावागणिक फरक. म्हणून परगावचा खेळणारा आला की पट मांडल्यावर आधी पानसुपारी आणि नियमांची बोलणी: तुमच्यात उडी मारताना राजा मोहरं मारतो का? मग डाव. आता सगळं जग एकाच नियमावर खेळतं आणि ते सोयीचं आहे, यात वाद नाही. पण तात्या आमच्या गच्चीवर बसतात ते त्या बोलण्यांसाठी असावं, असा मला संशय आहे. डाव त्यांना अजून कळत नाही. डावाच्या आधीची अर्धा तास चाललेली घासाघीस मात्र ते मान पुढं काढून ऐकतात आणि मध्येच निकाल देतात.

गेल्या पावसाळ्यात आम्ही सांगलीचं टेबल केलं. मधून कृष्णा, तिच्यावर थर्माकोलचा आयर्विन पूल, एका कोपऱ्यात हरिपूर, तिथं वारणेचा संगम आणि हळदीची पेवं. पेवं म्हणजे जमिनीतली भोकं, म्हणजे त्यात शिपाई पडू शकतो, म्हणजे पडला तर बाहेर यायला किती इंच, हा एक रविवार गेला. नदीचा वाद मोठा होता. दहाव्या आवृत्तीत नदीसाठी काही तयार नियम नाही, म्हणून आम्ही जुन्या पुस्तकातला अवघड जमिनीचा नियम घेतला: पाण्यातून जायचं तर दोन फासे टाका, मोठा पडेल तेवढे इंच. ठीक. पण पाणी कुठून सुरू होतं? आम्ही काठ उताराचा केला होता, वर हिरवा भुसा, खाली निळा रंग, मधला पट्टा चिखलाचा. बेस निम्मा चिखलात, निम्मा गवतात. वकील म्हणाले गवतात आहे. पोरगा म्हणाला पाण्यात आहे. तात्या खुर्चीतून म्हणाले,

“निळी रेषा का लाल रेषा, ते आधी ठरवा.”

सांगलीतल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. आयर्विनखाली चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका असतो, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्नच्या वर गेलं होतं तेव्हा आमच्यातल्या दोघांच्या घरांनी पात्राची व्याख्या नव्यानं शिकली होती. नदी कुठं सुरू होते हा प्रश्न इथं कुणी विनोदानं विचारत नाही, पण त्या दिवशी सगळे हसले. आणि नियम झाला: चिखलाच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला बारीक निळी रेघ मारली. बेसचा कुठलाही भाग रेघेपलीकडं गेला की तो पाण्यात. डावाच्या सुरुवातीला फासा टाकायचा, सहा आले की पूर, आणि मग लाल रेघ लागू. लाल रेघ कुठं मारायची हे मात्र तात्यांनी ठरवलं. त्यात हरिपूरची सगळी पेवं बुडतात.

सध्या अडलंय ते पुलाखाली. पोरानं एक नाव केलीय, तिच्यावर पाच इंचांची काठी आणि झेंडा. पुलाची कमान साडेचार इंच. वकील म्हणतात, झेंडा हा मोहऱ्याचा भाग, नाव अडकणार. सर म्हणतात, चालीचं अंतर मोजताना झेंडा धरत नाही तर अडवताना का धरायचा, दोन्हीकडं एकच न्याय लावा. पोरगा म्हणतो मी काठीला बिजागरी लावतो. तात्या म्हणाले, पूर आल्यावर कमान साडेचार इंच तरी कुठं राहणार आहे? यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं, तेव्हा वकिलांनी पुढची तारीख दिली.